ओहोटीची जमीन

मुंबईत रान कुठे उरलंय असं कुणालाही विचारा, बोट बोरिवलीकडे जातं. राष्ट्रीय उद्यान, तिथले बिबटे, कान्हेरीची लेणी. आमच्या लालबाग-परळच्या माणसाला रान बघायचं असेल तर दादरहून गाडी पकडायची आणि कर्जत नाहीतर कसारा गाठायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पण घरापासून बसने अर्ध्या तासावर एक रान दिवसातून दोनदा पाण्यातून वर येतं आणि काही तासांनी पुन्हा पाण्याखाली जातं. हाजी अलीचा खडक, वरळीचा खडक, बाणगंगेच्या खालचा किनारा, शिवडीचा चिखल. या रानाला फाटक नाही, तिकीट नाही, वनरक्षक नाही. त्यामुळे तिथे पाऊल टाकणारा माणूस कसा वागतो, एवढ्यावरच त्याचं बरंवाईट ठरतं. माझं सुट्टीच्या दिवसांचं काम याच जागी चालतं, म्हणून त्याबद्दल लिहायचं आहे.

आठवडाभर मी परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शनिवार-रविवारी ओहोटी सोयीची असली की किनारफेरी. दहा-बारा माणसं, पायात पकड असलेले बूट, दोन तास वाकून चालणं. मुंबईत या फेऱ्या लोकांच्या ओळखीच्या झाल्या त्या २०१७ पासून. प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम तेव्हा सुरू केला, आणि शहराच्या काठावर समुद्रफुलं, ऑक्टोपस, स्पंज, रंगीत गोगलगायी राहतात हे फोटोंसकट दिसायला लागलं. त्याआधी आम्ही सगळेच चौपाटीवर जायचो ते भेळ खायला, सूर्यास्त बघायला, नाहीतर गणपतीला निरोप द्यायला. पायाखाली बघायची सवय कुणाला नव्हती.

फेरीची वेळ मी ठरवत नाही, तिथी ठरवते. माझ्या आजोळी, कोकणात, भरतीचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ होता. तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या आकड्याच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. मुंबईत तो अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, पण ढोबळ अंदाजाला पुरतो. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी अगदी खाली जातं ते पहाटे पाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी पाच-सहाला. उधाणाच्या त्या तीन-चार दिवसांत खडकाचा जो पट्टा उघडा पडतो, तो पुढचे कित्येक दिवस दिसत नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी फारसं खाली जात नाही तेव्हा, गेलात तर फक्त वरचा, कोरडा, शिंपल्यांचा भाग बघून परतावं लागतं.

हे गणित आमच्या लालबागने २०२५ साली फार जवळून पाहिलं. अनंत चतुर्दशी दर वर्षी पौर्णिमेच्या तोंडावर येते, म्हणजे ऐन उधाणात. ७ सप्टेंबरला सकाळी लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोचला तेव्हा भरतीच्या पाण्यामुळे मूर्ती तराफ्यावर चढवता येईना. भाविक दिवसभर वाळूत उभे होते. विसर्जन झालं ते रात्री नऊच्या सुमाराला. आमच्या चाळीत त्या दिवशी लहानथोर सगळे भरती-ओहोटीच्या वेळा शोधत होते. पुढे फेरीला आमच्या भागातली मुलं यायला लागली ती हाच प्रश्न घेऊन, की पाणी त्या दिवशी का हटलं नाही. मला त्याचा फार आनंद झाला. समुद्राच्या वेळेप्रमाणे आपण चालायचं, ही या कामातली पहिली गोष्ट, आणि ती त्यांना शिकवावी लागली नाही.

फेरीची पहिली दहा मिनिटं नवख्या माणसाला काहीच दिसत नाही. काळा खडक, डबकी, प्लॅस्टिक, थोडा वास. मग मी एका डबक्यापाशी बसायला सांगते आणि बोलायचं नाही म्हणते. मिनिटभरात एक शंख चालायला लागतो. शंखातला मूळ प्राणी कधीच मेलेला असतो, आत राहायला आलेला असतो शंखवासी खेकडा. त्याचं पोट मऊ, त्याला स्वतःचं कवच नाही, म्हणून मिळेल त्या रिकाम्या शंखात शिरून तो आयुष्य काढतो. अंग वाढलं की मोठा शंख शोधतो. जुना सोडून नव्यात शिरताना काही क्षण तो पूर्ण उघडा असतो. हे एकदा बघितलेलं मूल नंतर खिशात शंख भरत नाही, हा माझा अनुभव आहे. मी त्याला ‘शंख उचलू नकोस’ असं म्हणतच नाही. या डबक्यात आता किती रिकामे शंख आहेत ते मोज, एवढं सांगते. बहुतेक वेळा एखाददुसराच सापडतो. घरं कमी आणि भाडेकरू जास्त, हे लालबागच्या पोराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तसंच झोअँथिडचं. खडकावरचा हिरवट-तपकिरी थर शेवाळ समजून लोक त्यावर बिनधास्त पाय ठेवतात, उलट तो मऊ लागतो म्हणून मुद्दाम ठेवतात. ते पोवळ्यांच्या नात्यातले प्राणी आहेत, शेकड्यांनी एकमेकांना चिकटून राहणारे. पाण्याखाली असले की फुलतात, पाणी ओसरलं की तोंड मिटून आत ओलावा धरून बसतात आणि भरतीची वाट बघतात. उन्हात ते चार तास काढतात, पण बुटाचा दाब त्यांना सोसत नाही. म्हणून फेरीचा नियम: पाय ठेवायचा तो उघड्या, कोरड्या, करड्या खडकावर किंवा वाळूवर. हिरव्यावर नाही. हा नियम माणसाच्याही फायद्याचा आहे, कारण हिरव्यावरच घसरायला होतं. घसरून गुडघा फोडून घेतलेली माणसं मी बरीच बघितली आहेत.

पण सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं असं मला कुणी विचारलं तर मी दगड उलटे करण्याने असं सांगेन. कचऱ्याबद्दल सगळे बोलतात, याबद्दल कुणी बोलत नाही. खाली काहीतरी लपलंय या उत्सुकतेने माणूस दगड उचलतो, खेकडा पळालेला बघतो, खूश होतो, आणि दगड तसाच पालथा टाकून पुढे जातो. दगडाच्या खालच्या अंगाला सावलीत, ओलाव्यात राहणारी एक वस्ती असते. तिथे स्पंज, नळीत राहणारे कृमी, गोगलगायींची अंडी, बोटाएवढे मासे असतात. दगड पालथा पडला की ती वस्ती उन्हात येते आणि तासाभरात वाळून जाते. वरच्या बाजूला उजेडावर जगणारं शेवाळ असतं, ते आता चिखलात दाबलं जातं. म्हणजे एका दगडाच्या दोन्ही बाजू मरतात, आणि हे करणाऱ्या माणसाच्या मनात निसर्गप्रेमच असतं. मी फेरीत दगड उलटत नाही, कुणाला उलटू देत नाही. काही जण हिरमुसतात. त्यांना मी ऑक्टोपसचं बीळ दाखवते. खडकाच्या फटीच्या तोंडाशी फोडलेल्या शिंपल्यांचा आणि खेकड्यांच्या कवचांचा ढीग पडलेला असला की आत कुणीतरी जेवलेलं आहे समजावं. समोर गुपचूप बसलात तर कधीकधी एक डोळा बाहेर येतो. तो आपल्याला बघतो. पैसे भरून आलेल्या माणसाला याहून जास्त काय दाखवायचं असतं, मला माहीत नाही.

अशा वेळी मोबाइल निघतात, आणि निघावेत. फोटोंवर माझा राग नाही, उलट त्यांची गरज आहे. तारीख आणि जागेसकट ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलेला फोटो ही नोंद असते, आणि या किनाऱ्यावर नोंद नसलेल्या जिवाला कुणी वाली नाही. मात्र ऑक्टोपसच्या बिळाची अचूक जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, अशी मी विनंती करते. काचेच्या पेटीत ठेवायला प्राणी उचलून नेणारी माणसं ती वाचतात.

नोंदीचं महत्त्व मला कोस्टल रोडच्या वेळी कळलं. पोवळं म्हटलं की लोकांना अंदमान किंवा लक्षद्वीप आठवतं. मुंबईत पोवळी आहेत हे बहुतेकांच्या कानावर आलं ते या रस्त्यामुळे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीपर्यंतचा हा १०.५८ किलोमीटरचा रस्ता. काम २०१८ मध्ये सुरू झालं, जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबवलं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुरू करू दिलं. पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. त्यामुळे त्यांच्यावरून सरळ भराव टाकता येत नव्हता. रीतसर परवानगी घेऊन २०२० च्या अखेरीला वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या पोवळ्यांच्या १८ वसाहती उचलून कुलाब्याला नेव्हीनगरच्या बाजूला नेण्यात आल्या. देखरेख गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची होती. त्याच खडकावरच्या झोअँथिडांसाठी, समुद्रफुलांसाठी, स्पंजांसाठी अशी तरतूद नव्हती, कारण ते यादीत नाहीत. रस्ता हवा की नको यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. रोज वरळीहून मरीन लाइन्सला जाणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? पण खडकाचा एवढा मोठा तुकडा शहराने दिला, तर उरलेल्या तुकड्यावर तरी आपण जपून पाय ठेवावा, ही अपेक्षा मी मोकळेपणाने सगळ्यांकडे बोलून दाखवते.

जपण्याचा भार कुणावर टाकायचा, याबद्दल मात्र मला काही ठाम म्हणायचं आहे. वरळीच्या खडकावर ओहोटीला कोळीवाड्यातल्या बायका कालवं काढायला येतात. उकिडवं बसायचं, लोखंडी टोकाने वरचं शिंपलं उचकटायचं, आतला गर डब्यात टाकायचा. एका फेरीत आमच्यातल्या एका गृहस्थांनी अशा एका मावशींना हटकलं, की मावशी, हे जिवंत प्राणी आहेत, का मारता? मावशींनी हातातलं काम न थांबवता विचारलं, “माझी आई हितंच कालवं काढायची. मी उद्या पन येनार. तू येनार काय?” गृहस्थ गप्प झाले. मावशींच्या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. ज्याचं पोट या खडकावर आहे तो खडक संपवायला निघत नाही. कोणत्या भागातलं काढायचं, किती सोडायचं, याची रीत त्यांच्याकडे आईकडून मुलीकडे आलेली आहे. आपण महिन्यातून एकदा मौजेसाठी येतो, तेव्हा नियम आपल्याला लागू आहेत, त्यांना शिकवायचे नाहीत. तेव्हापासून फेरी सुरू होण्याआधी मी हे सांगून टाकते, आणि कोळणींच्या कामाच्या जागेपासून आम्ही लांबून जातो. कधी त्या आपणहून हाक मारतात, “ए ताई, हिकडं ये, काय गावलंय बघ.” त्यांनी दाखवलेल्या गोष्टी मला एरवी कधी सापडल्या नसत्या.

पावसाळ्यात फेऱ्या बंद. जूनपासून खडक निसरडा होतो, लाट कधी अंगावर येईल सांगता येत नाही. शिवाय समुद्राला विसावा हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी सरकारच बंद ठेवतं आणि कोळी बांधव तर परंपरेने नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. ज्यांची रोजीरोटी समुद्रावर आहे ते थांबतात, तर सहलीला जाणाऱ्याने थांबायला काय हरकत आहे? सह्याद्रीतही हे व्हायला हवं असं मला फार वाटतं. जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्यांचं ते लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते, आणि गाड्यांच्या दिव्यांत ती हाक हरवते. त्या एका पंधरवड्यात त्यांचं वर्षभराचं काम उरकायचं असतं.

माणसं आली की वन्यजीव संपणारच, असं म्हणणारे लोक भेटतात. मी त्यांना वेळासचं उदाहरण देते. रत्नागिरी जिल्ह्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी चोरीला जायची. २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला, गावकऱ्यांनी घरात पाहुणे ठेवले, पाहुण्यांच्या जेवणाचे पैसे गावात राहिले आणि अंडी राखणं गावाच्या फायद्याचं झालं. मी तिथे पहिल्यांदा गेले ती दादरहून रात्रीच्या बसने, विद्यार्थ्यांना घेऊन. सकाळी वाळूत एक दोरी बांधलेली होती. दोरीच्या अलीकडे माणसं, पलीकडे टोपलीतून सोडलेली पिल्लं आणि समुद्र. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला उचलून पाण्यात टाकायचं नाही, ते चालतच गेलं पाहिजे. माझी मुलं दोरीवर ओणवी होऊन तासभर बघत होती, आणि एकानेही ती ओलांडली नाही. माझ्या फेऱ्यांची शिस्त मी त्या दोरीवरून घेतली आहे. खडकावर दोरी बांधता येत नाही, म्हणून ती प्रत्येकाला मनातल्या मनात बांधायला सांगते: जिवापासून हातभर लांब.

शिवडीला तर दोरीची गरजच पडू नये. लालबागहून चालत जाता येईल इतकी ती जवळ आहे. नव्वदच्या दशकापासून तिथल्या चिखलात रोहित पक्षी हजारोंनी उतरतात, साधारण नोव्हेंबर ते मे. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, पण शिवडी त्या अभयारण्याच्या हद्दीत येत नाही. आता तिच्या डोक्यावरून अटल सेतू जातो, १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला. तिथे येणारे काही लोक थवा उडालेला बघायचा म्हणून टाळ्या वाजवतात, दगड भिरकावतात. पक्ष्यांना खायला मिळतो तो पाणी उथळ असतानाचा थोडा वेळ. त्यात उडवून लावलं की तेवढं खाणं गेलं, आणि उडण्यात ताकद गेली ती वेगळीच. खरं तर दगड मारायची काही गरज नसते. भरती चढायला लागली की पाणीच त्यांना पावलापावलाने काठाकडे आणतं. अर्धा तास शांत उभं राहिलात तर दुर्बीणसुद्धा लागत नाही.

समुद्राचे जीव आपल्याला इजा करतात तेव्हा मात्र सगळे जागे होतात. सप्टेंबर २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकटांनी बऱ्याच भाविकांना नांगी मारली. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘ब्लू बॉटल’ हे जेलीफिशसारखे जीव किनाऱ्याला लागले आणि पोहायला गेलेल्यांना भाजल्यासारखे वळ उठले. बातम्यांत ‘हल्ला’ असा शब्द होता. पाकट पावसाळ्याच्या शेवटी उथळ वाळूत अंग पुरून बसतो, हे कोळ्यांना पूर्वापार माहीत आहे. त्याच्यावर पाय पडला तरच तो शेपटी मारतो. म्हणून पाण्यात पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूतून सरकवत न्यायचे, त्या हालचालीने तो आधीच निघून जातो. नांगी लागलीच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. गणेशोत्सवाच्या आधी मी शाळेत दर वर्षी हे सांगते. मंडळांनी आपल्या कार्यकर्त्यांना सांगितलं तर कितीतरी त्रास वाचेल.

आता मागणी. हाजी अली, वरळी, बाणगंगा आणि शिवडी या चार ठिकाणी महापालिकेने मराठीत मोठे फलक लावावेत: इथे कोणते जीव राहतात, पाय कुठे ठेवायचा, दगड का उलटायचा नाही. दादरच्या चौपाटीवर तरुण मुलं आठवड्याच्या सुट्टीला कचरा उचलताना दिसतात. त्यांच्यासारख्यांच्या हाती फलकांचं काम दिलं तर ती आनंदाने करतील. शाळांनी साठ मुलांचा वर्ग एकदम खडकावर आणू नये, दहा-बाराच्या तुकड्या कराव्यात, आणि प्रत्येक तुकडीबरोबर किनारा ओळखणारं एक मोठं माणूस असावं. जमलं तर ते माणूस कोळीवाड्यातलं असावं आणि त्याला त्याचे पैसे मिळावेत.

आणि तुम्ही यायचं ठरवलंत तर पौर्णिमेनंतरचे किंवा अमावास्येनंतरचे दोन दिवस धरा, पावसाळा टाळा. ओहोटीच्या तासभर आधी पोचा. समुद्राकडे पाठ करू नका, आणि पाणी वळलेलं दिसलं की लगेच निघा.